तोमेबाईंची रोपं

कामिनोसावा वाडीत घरं नऊ, आणि नवांचंही आडनाव एकच, इगाराशी. त्यामुळे आडनावाला तिथं कोणी विचारत नाही. ओळख असते ती घराच्या नावानं. कोणी ‘देवळामागचे’, कोणी ‘जुन्या गिरणीचे’. तोमेबाईंचं घर ‘वरच्या पाटाचं’. डोंगरावरचं बर्फ वितळून येणारं पाणी आधी त्यांच्या खाचरात उतरतं, मग बाकीच्यांच्या. पहिलं पाणी म्हणजे सगळ्यात गार पाणी. लांबुडकं, नाजूक रोप त्या पाण्यात आठ दिवसांत मान टाकतं. म्हणून या घराला रोपं बुटकी, जाड बुंध्याची आणि हट्टी लागतात. मे महिना उजाडला की वाडीतली माणसं उगाच एकमेकांच्या दारावरून जातात, तोंडानं ‘काय, बरं आहे ना?’ विचारतात आणि नजर मात्र सरळ पॉलीहाऊसच्या आत टाकतात. तोमेबाईंच्या रोपांना साठ वर्षांत कोणी नावं ठेवली नव्हती.

तोमेबाई एकोणिसाव्या वर्षी खिंडीपलीकडून लग्न होऊन आल्या. तेव्हा सगळी लावणी हातानं. दिवसभर ओणवं राहून राहून कंबर जी वाकली ती वाकलीच. आता एक्क्याऐंशी पूर्ण. चालताना त्यांची नजर जमिनीवर असे. समोरच्याचं तोंड बघायचं तर मान वर करावी लागे, आणि तेवढे कष्ट घ्यावेत अशी माणसं त्यांच्या मते वाडीत फार नव्हती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा कोइची तालुक्याच्या गावात कारखान्यात जायचा आणि शेती शनिवार-रविवारी करायचा.

आणि सून? सून परदेशची. मारिसेल, फिलिपिन्सच्या पानाय बेटावरची. गावातल्या मुली ‘शेतकरी नवरा नको गं बाई’ म्हणून शहराकडे पळायला लागल्या, त्या काळात मध्यस्थानं जुळवलेलं हे लग्न. चोवीस वर्षांची पोर या घरात आली, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली.

ती काही भात न बघितलेली नव्हती, शेतकऱ्याचीच लेक. पण तिच्या माहेरची लावणी म्हणजे जत्रा. वीस-वीस बायका एका ओळीत, चिखलात गुडघाभर, कोणाच्या नवऱ्याची टवाळी चाललेली, बांधावर कोणीतरी गिटार छेडत बसलेला, दुपारी केळीच्या पानावर भात आणि सुकी मासळी. इथं पहिल्या वर्षी ती बांधावर जाऊन उभी राहिली तर काय? एक माणूस यंत्रावर बसून खाचरात फेऱ्या घालतोय, बायको बांधावरून त्याला रोपांचे ट्रे देतेय, मागून म्हातारी फिरतेय. बोलत कोणीच नाही. शेजारच्या खाचरात तेच, त्याच्या पलीकडे तेच. मारिसेलला वाटलं, वाडीत कोणी गेलं की काय!

यंत्र सगळीकडे नीट लावत नाही. कोपरे सुटतात, मध्येच एखादी जागा मोकळी राहते. ती हातानं भरायची असते. पहिल्याच वर्षी मारिसेलनं उत्साहानं चपला काढल्या, पॅन्ट वर दुमडली आणि माहेरच्या पद्धतीनं उलट्या पावलांनी चालत अख्खी कडेची ओळ लावून टाकली. ‘देवळामागच्या’ हात्सुएकाकू बांधावर येऊन ‘अगंबाई, किती चपळ!’ म्हणाल्या. तोमेबाई खाचरात उतरल्या आणि ती सगळी ओळ एकेक रोप उपटून पुन्हा लावली.

“खोल गेली होती,” संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या. “आपलं पाणी गार. खोल गेलेलं रोप जीव धरत नाही.”

त्या वर्षात सासूबाई सुनेशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य ते. मारिसेल माडीवर जाऊन रडली. पण पुढच्या आठवड्यात तिनं बघितलं, दुसऱ्या कोपऱ्यात तिनं लावलेली चार रोपं सासूबाईंच्या नजरेतून सुटली होती, ती खरंच पिवळी पडली होती. मग तिनं रडणं थांबवलं आणि बघायला सुरुवात केली.

बघण्यासारखं खूप होतं. एप्रिलच्या सुरुवातीला तोमेबाई बियाणं जाळीच्या पिशव्यांत भरत आणि घरातल्या सगळ्यांची आंघोळ झाली की टबातल्या उरलेल्या कोमट पाण्यात त्या पिशव्या सोडत. मोड आले की ट्रेमध्ये पेरणी, ट्रे पॉलीहाऊसमध्ये. ऊन चढलं की प्लास्टिक वर गुंडाळायचं, ऊन उतरलं की खाली. दहा मिनिटं उशीर झाला तरी आत रोपं भाजून निघतात. पाच आठवडे तोमेबाई घरापासून हाकेच्या अंतरापलीकडे जात नसत. सख्ख्या बहिणीच्या दिवसकार्यालासुद्धा त्या गेल्या नव्हत्या, कारण ते मेच्या पहिल्या आठवड्यात आलं होतं. मारिसेल पाण्याची नळी धरे, ट्रे उचले, सांगितलं तेवढं करी. ‘घाल’ म्हटलं की घालायचं, ‘पुरे’ म्हटलं की थांबायचं. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं.

दरवर्षी एकशे साठ ट्रे साध्या भाताचे आणि बारा ट्रे चिकट भाताचे. हा चिकट भात नव्या वर्षाच्या मोचीसाठी, घरापुरता. कुटून त्याचे मऊ गोळे करायचे. बियाणं घरचंच, तोमेबाईंच्या सासूपासून चालत आलेलं. रोपं दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून चिकटाच्या प्रत्येक ट्रेला कोपऱ्यात लाल लोकरीचा धागा बांधायचा. तो धागा बांधायचं काम तोमेबाईंचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

त्या साली फेब्रुवारीत एक प्रकार झाला. तोमेबाईंनी शेगडीवर सोयाबीन उकळत ठेवलं आणि विसरून गेल्या. पातेलं जळालं, भिंत काळी झाली, शेजारचे धावत आले. त्याआधी दोनदा त्या खिंडीच्या रस्त्यावर, माहेरच्या दिशेनं चालत जाताना सापडल्या होत्या. कोइची त्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी शांतपणे म्हणाला, “आई, या वर्षी रोपं कर. पण आता आणखी एक चूक झाली ना, तर पुढच्या वर्षीपासून रोपं सोसायटीतून विकत आणायची. आणि तू आठवड्यातले तीन दिवस म्हाताऱ्यांच्या केंद्रात जायचं. गाडी न्यायला येते.”

“त्या केंद्रात काय करतात?” तोमेबाईंनी विचारलं.

“फुगे उडवतात. गाणी म्हणतात.”

“फुगे,” तोमेबाई म्हणाल्या, आणि मुळ्याच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली.

त्या वर्षी त्यांनी रोपांवर जीव ओतला. पहाटे चारला उठून पॉलीहाऊसमध्ये. रोपं झालीही अशी की हात्सुएकाकू तीनदा येऊन बघून गेल्या आणि तिसऱ्या वेळी न राहवून म्हणाल्या, “तोमे, काय घालतेस गं यांना? आमची बघ, नुसती गवतासारखी लोळताहेत!”

वीस मेच्या सुमारास शनिवारी मोठी खाचरं लावायला घेतली. मारिसेलनं पॉलीहाऊसमधून ट्रे काढले, छोट्या ट्रकवर रचले, बांधावर पोचवले. सूचना एकच, धागा नसलेले घ्यायचे. कोइची यंत्रावर, तोमेबाई मागून मोकळ्या जागा भरताहेत. संध्याकाळपर्यंत मोठी खाचरं हिरवी झाली. बेडूक असे ओरडत होते की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, पण तसंही बोलत कोणीच नव्हतं.

रविवारी सकाळी उरलं डोंगराकडचं छोटं खाचर, चिकटाचं. कोइची पॉलीहाऊसमध्ये ट्रे न्यायला आला आणि मोजायला लागला. पुन्हा मोजले. लाल धाग्याचे ट्रे सात. आणि साधे, जे कालच संपायला हवे होते त्यातले पाच, कोपऱ्यात शिल्लक.

“बारा होते ना चिकटाचे?”

कोइचीनं चिकटाच्या बाजूच्या पाच रिकाम्या जागांकडे बोट दाखवलं.

“पाच ट्रे चिकट भात काल मोठ्या खाचरात गेला!” कोइचीचा आवाज चढला. “कुठल्या ओळीत गेला तेही आता कळायचं नाही. कापणीला सगळं एकत्र होणार. सोसायटीत तपासणीला दाणे पसरले की चिकटाचे पांढरे दाणे चमकणार, सगळा माल परत! धागे कोणी काढले?”

मारिसेलनं सासूबाईंकडं बघितलं. तोमेबाई खिळ्यावरचा एप्रन अंगात घालत होत्या. तो एप्रन फक्त ट्रे भरण्या-उचलण्याच्या कामाचा, पेरणीनंतर तिथंच लटकलेला होता. सवयीनं त्यांनी खिशात हात घातला, चघळायची गोळी काढायला. हात आतच राहिला. मग थोडासा बाहेर आला, आणि बोटांच्या मध्ये मारिसेलला लाल लोकर दिसली. पेरणीच्या दिवसापासून खिशात राहिलेले धागे. तोमेबाईंनी हात पुन्हा आत घातला.

फुगे, गाणी, दारात येणारी गाडी, सगळं एका क्षणात मारिसेलच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

“मी काढले,” ती म्हणाली. “पाणी घालताना नळीला अडकत होते. पाच काढले, परत बांधायचे राहून गेले.”

कोइची तिच्याकडे बघतच राहिला. “सत्तावीस वर्षं झाली, मारिसेल. सत्तावीस! अजून चिकट कुठला आणि साधा कुठला एवढं कळू नये?” यापुढं तो आणखी बरंच बोलला. ते बोलणं शेजारच्या बांधापर्यंत पोचलं, म्हणजे दुपारपर्यंत नऊही घरांत पोचलं.

तोमेबाई लाल धाग्याचा एक ट्रे उचलून छोट्या खाचराकडे निघून गेल्या.

मारिसेलला वाटलं, बोलतील. मुलासमोर नाही तर नाही, निदान स्वयंपाकघरात, दोघीच असताना. एक शब्द. तेही नको, एखादी नजर. पण म्हातारी तिच्या अंगावरून अशी जायची की जणू काही झालंच नाही. सकाळी उठायची, मोठ्या खाचरात उतरायची, संध्याकाळी येऊन हातपाय धुवायची. जेवायची मात्र चिमणीएवढं. चार दिवस गेले, सहा गेले. मारिसेल आतल्या आत धुमसत होती. एवढं मोठं खोटं बोलले हिच्यासाठी, आणि हिला त्याची किंमत नाही! शेवटी परकी ती परकीच, असं तिला वाटायला लागलं. पानायला आईला फोन करून सांगावं म्हणून तिनं दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवून दिला. आई म्हणाली असती, मग सांगून टाक खरं. आणि तेच तर तिला करायचं नव्हतं.

इकडे वाडीत चर्चेला ऊत आला होता. तोमेबाईंच्या चिकट भाताच्या लोंब्यांना लालसर लांब कुसळं येतात, हे सगळ्यांना ठाऊक. ऑगस्टमध्ये मोठ्या खाचरात त्या वीतभर वर डोकं काढून उभ्या राहणार, थेट रस्त्यावरून दिसणार.

लावणी संपली की जूनच्या पहिल्या रविवारी नऊ घरं सभागृहात एकत्र जेवतात. उरलेल्या रोपांची एक जुडी आधी देवापुढे ठेवायची, मग नेच्याच्या कोंबांची भाजी, नदीतले मासे, तांदळाची दारू. त्या दिवशी माणसं बोलतात, वर्षभराचं साचलेलं बोलतात. दुसरा प्याला झाल्यावर हात्सुएकाकूंना खुमखुमी आली.

“मारिसेल, तुमच्या देशात काय गं, सगळा भात चिकटच असतो का?”

हशा पिकला. मारिसेलही हसली. तिला हसता येत होतं, एवढ्या वर्षांत तेवढं तरी शिकली होती.

“नाही काकू, तिकडे धागेच नसतात,” ती म्हणाली. पुन्हा हशा.

“कोइची, पुढल्या वर्षी बायकोलाच लाल धागा बांध,” कोणीतरी पलीकडून म्हणालं. “म्हणजे हरवायची नाही!”

तोमेबाईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले आणि उठून उभ्या राहिल्या. उठायला त्यांना वेळ लागतो. तेवढ्या वेळात हसणं आपोआप थांबलं.

“धागे मी बांधलेच नव्हते,” त्या म्हणाल्या. “पेरणीच्या दिवशी सात बांधले आणि पाच विसरले. मारीनं काही काढलं नाही. ती खोटं बोलली आणि मी ऐकून घेतलं. पंधरा दिवस ऐकून घेतलं.”

“आई, घरी बोलू,” कोइची हळूच म्हणाला.

“घरी कशाला? हिचं नाव वाडीत गेलं. वाडीतच सांगायला हवं.” त्यांनी थोडा श्वास घेतला. “पंधरा दिवस मी खाचरात फिरते आहे. चिकटाचं रोप बुडाशी किंचित जांभळं असतं, वाकल्याशिवाय दिसत नाही. मी वाकलेलीच आहे. सगळं उपटून झालं, त्या जागी साधं लावलं. ऑगस्टमध्ये बघायला येऊ नका, दिसणार नाही. हात अजून चालतात. डोकं चालत नाही. आता कोइचीनं सांगितलंय त्याप्रमाणे मी केंद्रात जाणार. रोपं मारी करेल.”

कोइचीनं प्याला खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. “रोपं विकत आणायचं ठरलं होतं,” तो म्हणाला. “मारिसेलला कुठं येतात?”

“काय बोलतोस रे?” हात्सुएकाकू एकदम उसळल्या. मघाशी हसवणाऱ्या त्याच, पण आता त्यांचा नूरच बदलला. “सत्तावीस वर्षं ट्रे कोण उचलतंय तुझ्याकडे? तुझा बाप येऊन उचलतो का? आणि वरच्या पाटाच्या पाण्यात विकतचं रोप टिकतं का कधी? काहीतरीच आपलं!”

कोइचीनं खाली ठेवलेला प्याला उचलला आणि एका घोटात संपवला.

घराकडे येताना दोघी मागं राहिल्या. बांधावरची वाट अरुंद, एकामागून एक चालावं लागतं. मारिसेलला आनंद व्हायला हवा होता, पण तिला राग आला होता.

“मग मी कशाला खोटं बोलले, आई? पंधरा दिवस लोकांच्या टोमण्यांवर हसले ते फुकटच?”

“कशाला बोललीस? मी सांगितलं होतं?”

“तुम्हाला केंद्रात जावं लागू नये म्हणून!”

“ते कळलं मला.” तोमेबाई चालतच होत्या. “म्हणूनच बोलायला पंधरा दिवस लागले. जायचं नव्हतं मला. वाटलं, राहू दे असंच, कोणाचं काय जातंय? रोज रोप उपटताना वाटायचं, राहू दे. भित्री आहे मी, मारी.”

मारिसेलचा राग तिथंच गळाला. तिनं सासूबाईंच्या कोपराला हात लावला. तोमेबाईंनी हात झटकला नाही, पण थांबल्याही नाहीत.

“आता नीट ऐक. मी परत सांगेन याची खात्री नाही,” त्या म्हणाल्या. “रोपं तू कर. मला काही विचारू नकोस. मी न विचारताच सांगेन, मला राहवणार नाही. पण तू ऐकायचं नाहीस. मी चुकीचं सांगेन, आणि ठासून सांगेन. तुला सवय आहे माझं ऐकायची. त्या सवयीनं रोपं मरतील.”

“बरं,” मारिसेल म्हणाली.

पुढच्या एप्रिलमध्ये बियाण्याच्या पिशव्या मारिसेलनं टबात सोडल्या. पेरणी तिनं केली, धागे तिनं बांधले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार गाडी यायची. तोमेबाई गाडीत चढायच्या, संध्याकाळी उतरल्या की कपडेही न बदलता पॉलीहाऊसच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. कधी त्यांना सगळं नीट आठवत असे, कधी त्या विचारत, “मामंजी आले का खाचरावरून?” मामंजींना जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

मेच्या पहिल्या रविवारी सकाळी मारिसेलनं रोपांना पाणी घातलं, तेव्हा त्या दाराशीच होत्या. तासाभरानं त्या आत आल्या आणि ट्रेंच्या कडेनं एक फेरी मारली.

“पाणी घाल. वाळलीत,” त्या म्हणाल्या.

मारिसेलचा हात आपोआप नळाकडे गेला. मग ती थांबली. तिनं बोट मातीत खुपसून बघितलं. माती ओलीगच्च होती. आणखी पाणी म्हणजे मुळं कुजणार.

“पुरेसं आहे, आई.”

“मी सांगते ना, घाल! डोळे फुटले का तुझे? साठ वर्षं रोपं केली मी. तू कोण मला शिकवणारी?”

वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्या कधी बोलल्या नव्हत्या. मारिसेलला वाटलं, घालावं थोडंसं. चार थेंब. म्हातारीला बरं वाटेल, रोपांना तेवढ्यानं काय होतंय?

“नाही घालणार,” ती म्हणाली.

तोमेबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आपणच सांगितलेलं त्यांना आठवलं की नाही, कोण जाणे. मग त्या वळल्या, दाराच्या चौकटीचा आधार घेत बाहेर गेल्या आणि घराच्या दिशेनं चालायला लागल्या. मारिसेल ट्रेंच्या मध्ये उभी राहून हुंदके देऊन रडली. नळ तिनं उघडला नाही.